डावी बाही साडेएकवीस

गुरुवारी अकराला दारावरची बेल वाजली, तेव्हा मुकादमीण खुर्ची खिडकीपाशी सरकवत होती. खुर्ची मास्तरांची. मास्तरांना जाऊन पाच आठवडे झाले होते आणि खुर्ची उजेडात आणून ठेवायला आता काही कारण उरलं नव्हतं. पण हाताला कोण सांगणार? हात आपला चालत राहतो, डोकं मागाहून धापा टाकत येतं.

दारात टेपवाली उभी होती. खांद्याला तीच काळी पिशवी.

"काकू, येऊ का?"

"आलीच आहेस. आता दारात उभी राहून काय विकणार आहेस?"

टेपवाली आत आली आणि सवयीने खुर्चीसमोरच्या स्टुलावर बसली. मग तिला रिकामी खुर्ची दिसली. तिने स्टूल बाजूला घेतलं. मुकादमिणीने ते पाहिलं आणि काही वाटून घेतलं नाही. हल्ली तिला काही वाटतच नव्हतं. मास्तर गेले त्या दिवशीही डोळ्यांतून टिपूस आला नाही. लोक म्हणाले, बाई खंबीर. मागे जाऊन म्हणाले, बाई दगड. दोन्ही खरं नव्हतं. दाताचा डॉक्टर सुई देतो, मग गाल आपलाच असतो पण चिमटा काढला तरी दुसऱ्याचा वाटतो, तशी ती डोक्यापासून पायापर्यंत झाली होती. जेवण गिळत होती, केस विंचरत होती, सुनेला टोमणे मारत होती. सगळं चालू होतं. पोचत काही नव्हतं.

मुकादमीण हे तिचं नाव नव्हे. गिऱ्हाइकांनी पाडलेलं. नवऱ्याचं, म्हणजे मास्तरांचं, शिवणकामाचं दुकान होतं, तीन कारागीर होते, आणि या चौघा पुरुषांना ती गल्ल्यामागून एका आवाजात हाकायची. चौथीत शाळा सुटली होती, पण आकडे पक्के होते, आणि तोंड तर शाळेत घालायची गरजच नव्हती. मास्तर अबोल. गळ्यात मापाची पट्टी घालून गिऱ्हाइकाभोवती फिरायचे आणि नुसते आकडे बोलायचे. ती वहीत लिहायची. उंची, खांदा, छाती, कंबर, उजवी बाही, डावी बाही. हा क्रम चाळीस वर्षांत बदलला नाही, म्हणून कशाचं माप हेही बोलायला लागायचं नाही. दोन्ही हात वेगळे मोजणारा गावात हा एकच शिंपी. दोन हात सारखे असतात हा लोकांचा गैरसमज आहे, असं मास्तरांचं म्हणणं. तेवढं एकच म्हणणं त्यांनी आयुष्यात मांडलं असेल.

बाकीचं ती बोलायची. गिऱ्हाईक मास्तरांकडे बघून विचारायचं, "खिशाला झाकण हवं का हो?" आणि गल्ल्यामागून उत्तर यायचं, "नको. फुगतं." डॉक्टर विचारायचे, "कुठे दुखतंय?" ती सांगायची, "डाव्या कुशीत. जेवल्यावर." मास्तर मान हलवायचे. एकदा कुणीतरी चेष्टेने विचारलं होतं, मास्तर, तुमच्या पोटातलं हिला कसं कळतं? तेव्हाही मास्तरांच्या आधी तीच बोलली होती. "भूक लागली की मीच वाढते, मग कुणाला कळणार?"

मग दीड वर्षापूर्वी एका सकाळी मास्तरांच्या हातातून कात्री गळाली. उजवं अंग गेलं, त्याबरोबर वाचा गेली. हातापायाचा डॉक्टर म्हणाला, बोलण्याचं माझ्याकडे नाही. बोलण्याच्या बाई म्हणाल्या, विसरण्याचं माझ्याकडे नाही. विसरण्याच्या डॉक्टरने सहा महिन्यांनंतरची तारीख दिली. मुकादमीण तेव्हा दवाखान्याच्या बाकावर बसून मोठ्याने म्हणाली होती, "एका माणसाचे इतके तुकडे? मास्तर एवढ्यात तीन तुकड्यांचा सूट शिवून मोकळे झाले असते."

त्याच बाकाजवळ टेपवाली भेटली. विद्यापीठात भाषेचा अभ्यास करत होती. लकवा होऊन गेलेले शब्द परत कसे येतात, कोणते आधी, कोणते नंतर, हा तिचा विषय. दर गुरुवारी घरी येऊन तासभर मास्तरांचं बोलणं टेप करणार, असे बारा गुरुवार. पहिल्या दिवशी तिने "आजी" अशी हाक मारली. "माझ्या नातवाने मारलेली ऐकून घेते, तेवढं पुरे," असं ऐकल्यावर काकूवर आली.

तिच्याकडे चाळीस चित्रांची कार्डं होती. किल्ली, छत्री, शिडी, कोट, असली. एक कार्ड दाखवायचं आणि पूर्ण एक मिनिट गप्प बसून वाट बघायची, हा नियम. बरोबर शब्द आला तर एक गुण. नाही तर शून्य. नियम सोपा होता, पण त्या घरात मुकादमीण होती. मास्तरांचे ओठ हलायला लागले की हिची जीभ वळवळायची. "किल्ली. अहो, किल्ली म्हणा ना!" मास्तर ओठ मिटायचे. टेपवालीने हात जोडून तिला स्वयंपाकघरात बसवलं, दार लावून घेतलं. तर तिसऱ्या गुरुवारी दाराआडून आवाज आला, "छत्री!" कार्डांचा क्रम तिला पाठ झाला होता. टेपवालीने पुढच्या वेळी कार्डं पिसली. मग दाराआडून विचारणा झाली, "कसलं चित्र आहे गं? नुसतं सांग, मी बोलत नाही."

आणि दर वेळी निघताना एकच प्रश्न. "फरक आहे का?"

"काकू, मला ते सांगता येत नाही. तो माझा विषय नाही."

"माणूस समोर बसलाय आणि हिचा विषय नाही."

नऊ गुरुवार झाले. दहाव्याच्या आधीच्या सोमवारी मास्तर झोपेतच गेले.

त्यानंतर टेपवाली आज पहिल्यांदा आली होती. तिने पिशवीतून कागद काढले, परत घातले, परत काढले.

"काय असेल ते बोल. कापड आणलंयस तर पिशवीतून काढ. मी चावत नाही."

सून आतून आली. ती औषधाच्या दुकानात कामाला होती, गुरुवारी तिची सुट्टी. ती दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली.

"काकू, माझं काम अडलंय," टेपवाली म्हणाली. "बारा टेप लागतात, माझ्याकडे नऊ आहेत. नऊवर काही सिद्ध होत नाही. चार वर्षं गेली यात. शिष्यवृत्ती डिसेंबरपर्यंत आहे."

"मग दुसरा म्हातारा बघ. दवाखान्याच्या बाकावर रांग लागलेली असते."

"पहिल्यापासून सुरू करायला वेळ नाही. म्हणून माझ्या गाईडबाईंनी विषय बदलायला सांगितलाय." ती थांबली. "त्या म्हणाल्या, टेपवर मास्तरांचं बोलणं थोडं आहे. पण तुमचं पुष्कळ आहे."

सुनेला हसू आलं. तिने ते पदरात दाबलं.

"आतापर्यंत मी तुमचा आवाज कापून टाकत होते. कचरा म्हणून. आता नवा विषय असा, की घरात कुणाची वाचा गेली की घरचं माणूस त्याच्या जागी कसं बोलतं. किती वाट बघून बोलतं. भाषेच्या विभागातले म्हणतात, हे आता भाषेचं राहिलं नाही. समाजशास्त्राचे म्हणतात, यात मोजमाप फार, आमच्याकडे बसत नाही. तीन आठवडे या दारातून त्या दारात फिरले. शेवटी दोघांनी मिळून अर्धं अर्धं घ्यायचं ठरवलंय."

"कळलं. सुटाचं कापड कमी पडलं, आता चिंध्यांची गोधडी शिवायची. आणि चिंधी म्हणजे मी."

"तसं नाही काकू."

"तसंच आहे. उगाच अस्तर लावू नकोस."

"तुमची परवानगी लागेल. आधीची सही मास्तरांच्या बोलण्यासाठी होती. तुमच्या बोलण्यासाठी नव्हती. नाव कुठेच येणार नाही. नुसतं 'पत्नी' येईल."

"पत्नी," मुकादमीण म्हणाली. जणू चव घेऊन बघितली आणि बाजूला ठेवली. मग म्हणाली, "आधी ऐकव. शिवलेला कपडा गिऱ्हाइकाला घालून बघू देतात, तेव्हाच ते पैसे देतं."

टेपवालीने संगणक उघडून मास्तरांच्या खुर्चीवर ठेवला, दुसरीकडे जागा नव्हती. दुसरी टेप लावली. खोलीत मुकादमिणीचाच आवाज घुमायला लागला. किल्ली म्हणा. छत्री! अहो, आत्ता तर येत होतं तोंडात. पाणी देऊ? पाणीच हवंय त्यांना. तुझं चालू दे, मी बोलत नाही. शिडी! त्या आवाजाच्या मागे, खाली, काहीतरी घासल्यासारखं ऐकू येत होतं. मुकादमिणीने बोट वर केलं.

"ते काय वाजतंय?"

"मास्तर," टेपवाली म्हणाली. "शब्दाची सुरुवात आहे ती."

सुनेचं हसू गेलं. टेप चालत राहिली. घासायचं, वर आवाज पडायचा, घासणं बंद व्हायचं. परत घासायचं. आपली फजिती ऐकून माणसाला लाज वाटते, राग येतो. मुकादमीण वाट बघत बसली की आता येईल, आता येईल. काही आलं नाही. तिने फक्त मोजलं.

"किती वेळ थांबते मी?"

"सरासरी दोन सेकंद."

"बरं."

टेपवालीने टेप बंद केली. कागद पुढे करायचे की नाही, तिचं ठरत नव्हतं. मुकादमिणीने गिऱ्हाइकांची तोंडं चाळीस वर्षं वाचली होती.

"अजून काहीतरी खिशात आहे तुझ्या. काढ."

"आठवी टेप आहे," टेपवाली म्हणाली. "तुम्ही दाढ काढायला गेला होता, त्या दिवशीची. नऊमधली ती एकच, जिच्यात तुम्ही नाही."

मुकादमिणीला तो दिवस आठवत होता. दुपारी परत आली ती अर्धा जबडा बधिर करून, तोंडात कापूस कोंबून. संध्याकाळपर्यंत बोलता आलं नव्हतं. मास्तर खुर्चीतून तिच्याकडे बघत बसले होते, फार वेळ. तिला वाटलं होतं, मजा वाटतेय म्हाताऱ्याला.

"त्या दिवशी मी कोटाचं कार्ड दाखवलं. पूर्ण मिनिट थांबले. ते एक्केचाळीस सेकंदांनी बोलले. स्पष्ट बोलले. पण..." तिने मान खाली घातली. "कोट नाही म्हणाले. नुसते आकडे. मी शून्य दिलं. नियमाने शून्यच येतं. आता गाईडबाईंचं म्हणणं, ते बरळणं धरायचं. लकव्यानंतर आकडे असेच आपोआप तोंडातून निघतात. म्हणजे वाट बघूनही त्यांना नीट बोलता येत नव्हतं. म्हणजे घरची माणसं मध्ये बोलतात ते ठीकच करतात, आजाऱ्याचा ताण वाचतो. प्रबंधात असं येईल."

"म्हणजे माझं बरोबर."

"हो."

"आणि बरळणं नसेल तर?"

टेपवाली फरशीकडे बघत राहिली. "तर उलटं येईल."

"उलटं म्हणजे काय? इकडे बघून बोल."

"म्हणजे कुणी थांबलं असतं, तर ते बोलले असते."

बाहेर कुणीतरी गाडी चालू करत होतं, ती चालू होत नव्हती. सून म्हणाली, "आई, राहू दे ना. कशाला उकरायचं? बरळणं तर बरळणं. आता काय फरक पडतो?"

"लाव," मुकादमीण टेपवालीला म्हणाली.

आठवी टेप लागली. टेपवालीचा आवाज आला, "हे काय आहे?" आणि त्यानंतर काहीच नाही. भिंतीवरच्या घड्याळाची टकटक. रस्त्यावरून कुणी तरी हाक मारत गेलं. खुर्ची करकरली. पाचव्या सेकंदाला सून चुळबुळली. दहाव्याला मुकादमिणीची जीभ आपोआप टाळ्याला लागली. कोट. अहो, कोट. समोर माणूस नव्हता, चित्र नव्हतं, तरी शब्द दातांपर्यंत आला. तिने दात मिटले. शांतता चालूच. वीस. त्या शांततेत मास्तर होते, नाकाने श्वास घेत होते, तो ऐकू येत होता. उजव्या नाकपुडीतून किंचित शीळ वाजायची त्यांच्या, ती वाजत होती. तीस. इतका वेळ या घरात कुणी गप्प बसल्याचं तिला आठवत नव्हतं. घासायला लागलं. थांबलं. परत लागलं. कुणी काही बोललं नाही.

मग मास्तर बोलले. जड, पण दुकानातलाच आवाज.

"छत्तीस. साडेचौदा. चौतीस. अठ्ठावीस. बावीस." थोडं थांबून, "साडेएकवीस."

टेपवालीने बटण दाबलं. "एवढंच आहे," ती म्हणाली. "तुम्हाला काही कळतंय का काकू? का कुठल्या तरी गिऱ्हाइकाचं असेल?"

मुकादमीण स्वतःच्या डाव्या हाताकडे बघत होती. सातव्या वर्षी जिन्यावरून पडून मोडलेला. जरासा तोकडा बसला होता. अर्धा इंच. आईला माहीत नव्हतं, डॉक्टरला माहीत नव्हतं. लग्नानंतर पहिल्याच थंडीत मास्तरांनी दुकान बंद झाल्यावर पट्टी तिच्या भोवती फिरवली आणि आकडे बोलले, आणि तिने स्वतःचंच माप स्वतः वहीत लिहिलं. शेवटचा आकडा ऐकून तिने वर बघितलं होतं. चुकलात, ती म्हणाली होती. मास्तरांनी मान हलवली होती. नाही.

आता नुसतं म्हणायचं होतं, असेल कुणा गिऱ्हाइकाचं. किंवा तेही नाही. नुसतं गप्प बसलं तरी भागत होतं. शून्य राहिलं असतं, बरळणं राहिलं असतं, आणि पत्नीचं बरोबर ठरलं असतं. विद्यापीठाने शिक्का मारून दिला असता. झाकली मूठ. सुनेच्या तोंडावरही तेच होतं, झाका हो आई. टेपवालीला तर काही कळलंच नसतं. तिच्या विषयात ते येत नव्हतं.

मुकादमिणीने दुखतंय का ते चाचपून बघितलं. दुखत नव्हतं. फक्त एक गोष्ट खटकत होती, शिवणीत राहून गेलेल्या टाचणीसारखी. त्या कागदावर लिहिलं होतं, की मास्तरांचं माप चुकलं.

ती उठली. आतल्या खोलीत गेली. पेटी उघडल्याचा आवाज आला, काहीतरी खाली ठेवल्याचा. परत आली तेव्हा तिच्या हातावर करड्या रंगाचा एक जुना लोकरी कोट होता, आणि गळ्यात मास्तरांची पट्टी.

तिने कोट पलंगावर पसरला. पट्टी टेपवालीला दिली. "मोज."

"मी?"

"मी मोजलं तर म्हणतील म्हातारीने आपल्या सोयीने मोजलं. तू मोज. उंची आधी. मानेपासून. अगं, सुरवंटासारखी वाकडी काय धरतेस, ताण जरा."

"छत्तीस," टेपवाली म्हणाली.

"खांदा. या शिवणीपासून त्या शिवणीपर्यंत."

"साडेचौदा." तिचा आवाज बदलला. तिने घाईने कोटाच्या छातीवर पट्टी धरली, दुप्पट केली, आणि तिचा चेहरा पडला. "अडतीस येतंय काकू. त्यांनी चौतीस म्हटलं होतं."

"चार इंच सैल सोडायचे असतात. कोट आहे तो, कातडं नव्हे. चार वजा कर."

"चौतीस."

"कंबर."

"बत्तीस. म्हणजे अठ्ठावीस."

"विद्यापीठात जाऊन शहाणी झालीस. आता उजवी बाही."

"बावीस."

शेवटच्या बाहीवर टेपवालीने पट्टी ठेवली आणि बराच वेळ काढली नाही. दोनदा मोजली. मुकादमीण बोलली नाही. सुनेने पुढे होऊन वाकून पाहिलं, मग सासूच्या डाव्या हाताकडे पाहिलं. पंधरा वर्षं त्या हाताने वाढलेलं खाल्लं होतं, तिला कधी दिसलं नव्हतं.

"साडेएकवीस," टेपवाली म्हणाली.

"चित्र कशाचं होतं?"

"कोटाचं. बाईचा कोट."

"मग? तू विचारलंस हे काय आहे. त्यांनी सांगितलं कुणाचा आहे. शिंप्याला विचारायचं आणि शून्य द्यायचं? ते शून्य खोड आधी."

टेपवाली पलंगाच्या कडेवर बसली. तिला रडू येत होतं की हसू, ते तिचं तिलाही कळत नसावं. नाक ओढून ती म्हणाली, "काकू, मी हे लिहिलं तर ते बरळणं राहत नाही. मग माझा निष्कर्ष उलटा होतो. मी सांगितलं ना मघाशी. ते तुमच्यावर येतं."

"ऐकलं मी. बहिरी नाही."

"नको असेल तर मी आठवी टेप सोडून देते. नियमात बसतं. माझं काम कसंबसं होईल."

"चाळीस वर्षांत मास्तरांचा एक कपडा परत आला नाही," मुकादमीण म्हणाली. "एक आला, तोही गिऱ्हाइकाचंच पोट मधल्या मधे सुटलं होतं म्हणून. आणि आता मेल्यावर, कागदावर, मोठमोठ्या लोकांनी वाचायच्या, माप चुकलं म्हणून? का, तर माझं नाक राहावं म्हणून? माझ्या नाकाचं काय करायचं ते मी बघते. तू खोड."

टेपवालीने कागद काढला. त्या ओळीवर एक रेघ मारली, शेजारी काहीतरी लिहिलं, तारीख घातली. मग टेपचं छोटं यंत्र काढून पलंगावर कोटाशेजारी ठेवलं. "सही लागेलच, पण तोंडीही लागतं. मी वाचते, तुम्ही फक्त मान्य आहे की नाही ते सांगायचं." तिने यंत्र चालू केलं आणि कागद वाचला. सर्व नऊ ध्वनिमुद्रणं, त्यांतील पत्नीचं बोलणं, पत्नीचे व्यत्यय, आठव्या ध्वनिमुद्रणातील आकडे व त्यांचा पत्नीने लावलेला अर्थ, हे सर्व संशोधनात वापरण्यास आपली संमती आहे का?

मुकादमिणीने तोंड उघडलं. शब्द तयार होता, नेहमीसारखा. तिने तो सोडला नाही. पलंगावर कोट पडला होता, बाह्या पसरून. बाहेरची ती गाडी एकदाची चालू झाली आणि निघून गेली. यंत्रावरचा लाल ठिपका लुकलुकत होता.

सून बेचैन झाली. "हो, आहे संमती, लिहा तुम्ही, आईंना म्हणायचंय की—"

मुकादमिणीने तिच्याकडे न बघता तळहात वर केला.

सून गप्प झाली. टेपवाली गप्पच होती, तिला त्याची सवय होती. घड्याळ टकटकत राहिलं. मुकादमिणीच्या छातीतून काहीतरी वर यायला लागलं, गळ्यापर्यंत आलं, तिथे घासलं आणि परत खाली गेलं. ती थांबली. परत आलं. ते काय होतं ते तिला ओळखता येत नव्हतं, आणि कुणी पटकन पुढे होऊन ते अमुक आहे म्हणून सांगितलंही नाही. दोघीजणी तिच्या तोंडाकडे बघत होत्या. तिने त्यांना बघू दिलं.

"आहे," ती शेवटी म्हणाली.

टेपवालीने यंत्र बंद केलं. त्यावर एक आकडा दिसत होता, तो तिने वाचून दाखवला नाही आणि मुकादमिणीनेही विचारला नाही. सही करताना तिने प्रत्येक अक्षर वेगळं काढलं, चौथीतल्यासारखं. मग कोट उचलला, बाह्या आत दुमडल्या. डावी आधी.

"आई," सून म्हणाली, "चहा ठेवू का?"

आणि सासू बोलायची वाट बघत तिथेच उभी राहिली.